अंडाकृती धावमार्ग : वळणावरची रेषा आणि हवेचे गणित

१९ जून २००५ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वनच्या वीस गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, पण प्रत्यक्ष शर्यत झाली ती सहाच गाड्यांची. मिशेलिन कंपनीचे टायर वापरणाऱ्या चौदा गाड्या पूर्वफेरी संपताच पिटमध्ये परतल्या. उरलेल्या सहांत कोइम्बतूरच्या नरेन कार्तिकेयनची गाडी होती. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला; आजवर तो मान दुसऱ्या कोणाही भारतीयाला मिळालेला नाही.

त्या दिवसाच्या गोंधळाचे मूळ एका वळणात होते. फॉर्म्युला वनचा मार्ग मैदानाच्या आतल्या भागातून वळसे घेत शेवटी इंडियानापोलिसच्या जुन्या अंडाकृती धावमार्गावर येत असे आणि तेथील कललेले पहिले वळण उलट्या दिशेने, पूर्ण वेगात पार करून सरळ रस्त्याला लागत असे. शर्यतीच्या दोन दिवस आधी सरावात याच वळणावर राल्फ शूमाखरच्या गाडीचा मागचा डावा टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. या वळणावर आपले टायर शर्यतभर टिकतील, अशी हमी देण्यास कंपनी तयार नव्हती. कललेल्या वळणावर वेगवान गाडी केवळ बाजूला ढकलली जात नाही, तर रस्त्यावर दाबलीही जाते. हा दुहेरी भार त्या टायरांना पेलला नाही.

फॉर्म्युला वनच्या गाड्यांना असे वळण एका फेरीत एकदाच भेटे. अंडाकृती धावमार्गावर, म्हणजे ओव्हलवर, अशा वळणांखेरीज दुसरे काही नसतेच. अमेरिकेतील इंडीकार आणि नॅसकार या दोन प्रमुख मालिकांच्या ओव्हल शर्यतींत गाड्या दोनशे, कधी पाचशे फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीत डावीकडेच वळतात. दूरचित्रवाणीवर हा खेळ प्रथमच पाहणाऱ्या भारतीय प्रेक्षकाला त्यात कौशल्य ते काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे गाडी वळणातून जी रेषा धरते ती रेसिंग लाइन आणि दुसरी म्हणजे गाडीभोवतीची हवा. या दोहोंचे परस्परांशी जमते तोवर शर्यत रंगते. ते बिघडले तेव्हा माणसे दगावली आहेत.

कललेला रस्ता

मोटार शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला पहिला मोठा धावमार्ग इंग्लंडमधील ब्रुकलँड्सचा. तो १९०७ मध्ये खुला झाला. दोन वर्षांनी इंडियानापोलिसचा मार्ग तयार झाला. पहिल्या शर्यतींतच त्याचा खडीचा पृष्ठभाग उखडला, म्हणून त्याच वर्षी त्यावर सुमारे ३२ लाख विटा बसवण्यात आल्या. आज त्यांपैकी एक यार्ड रुंदीचा पट्टा तेवढा आरंभरेषेवर जपलेला आहे. चार किलोमीटरांच्या या मार्गाचा आराखडा मात्र शंभराहून अधिक वर्षांत बदललेला नाही. एकेक किलोमीटरचे दोन लांब सरळ रस्ते, दोनशे मीटरचे दोन आखूड रस्ते आणि त्यांना जोडणारी, प्रत्येकी चारशे मीटर लांबीची चार वळणे, असा तो आहे. १९११ मध्ये येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत रे हॅरूनने जिंकली तेव्हा त्याचा सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर होता. १९९६ मध्ये आरी लायंडाइकने पात्रता फेरीत ताशी ३८२ किलोमीटर गाठले. वळणे तीच होती. बदलले ते टायर आणि इंजिने, आणि त्याहून अधिक बदलले ते गाडीचे हवेशी असलेले नाते.

वळणाची बाहेरची कड उंच का ठेवतात, हे शाळेतील भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडते. वळणाऱ्या वस्तूला केंद्राकडे खेचणारे बल लागते. रस्ता सपाट असेल तर हे सारे बल टायरांच्या घर्षणातून यावे लागते. रस्ता आतल्या बाजूला कलता असेल तर रस्त्याच्या आधाराचाच एक भाग केंद्राकडे झुकतो आणि घर्षणावरचा भार हलका होतो. अशा प्रत्येक वळणाला एक विशिष्ट वेग असतो. त्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या टायरांवर बाजूचा ताण जवळपास उरत नाही. वाहन अभियंते त्याला न्यूट्रल स्पीड म्हणतात. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूर येथे २०२१ मध्ये सुरू झालेल्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरांचा अंडाकृती मार्ग याच तत्त्वावर बांधलेला आहे. त्याच्या वळणांचा न्यूट्रल स्पीड ताशी २५० किलोमीटर आहे. चाचणी मार्गावर तासन्‌तास एका वेगाने गाडी चालवायची असते, त्यामुळे वळणाने चालकाला कमीत कमी त्रास द्यावा हाच तेथे हेतू असतो.

शर्यतीच्या मार्गाचे गणित वेगळे असते. इंडियानापोलिसच्या वळणांचा कल सुमारे ९.२ अंश आणि त्रिज्या २५६ मीटरच्या घरात आहे. या आकड्यांवरून न्यूट्रल स्पीड काढला तर तो ताशी जेमतेम ७३ किलोमीटर भरतो. फ्लोरिडातील डेटोना हा १९५९ चा धावमार्ग ३१ अंश कललेला आहे. इतक्या उतारावर माणसाला सरळ चालत चढणेही अवघड जाते. तरीही तेथील न्यूट्रल स्पीड ताशी दीडशे किलोमीटरांच्या आसपासच येतो. आजच्या शर्यतीच्या गाड्या याच्या कितीतरी पट वेगाने त्या वळणांतून जातात. म्हणजे कललेला रस्ता मदत करतो ती थोडीच. उरलेला भार टायरांनी उचलायचा आणि तो त्यांना उचलता यावा म्हणून हवेने गाडी खाली दाबून धरायची.

चाप जितका मोठा, तितका वेग

वळणातून जाण्याचा सर्वोत्तम मार्ग म्हणजे आतल्या कडेने जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. टायरांची पकड ठरलेली असेल तर वळणातील वेग हा वळणाच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे चालक मिळेल तेवढा मोठा चाप शोधतो. तो बाहेरच्या भिंतीजवळून वळणात शिरतो, मध्यावर वळणाच्या पोटाशी, आतल्या पांढऱ्या रेषेला जवळजवळ चिकटतो आणि बाहेर पडताना गाडीला पुन्हा भिंतीकडे वाहू देतो. काटकोनी वळणात रस्त्याच्या रुंदीचा प्रत्येक मीटर अशा रीतीने वापरला तर चापाची त्रिज्या सुमारे ३.४ मीटरने वाढते, असे साधी भूमिती सांगते. आतल्या कडेची त्रिज्या २५० मीटर आणि वापरता येण्याजोगी रुंदी १५ मीटर धरली, तर चाप ३०० मीटरचा होतो आणि तेवढ्याच पकडीत नऊ टक्क्यांहून अधिक वेग मिळतो. इंडियानापोलिसच्या गाड्या वळणाच्या शेवटी भिंतीपासून वीतभर अंतरावरून जातात ते यासाठी. ते धाडसाचे प्रदर्शन नव्हे. ती वीतही वेगाच्या हिशेबात धरलेली असते.

आणखी एक बारकावा आहे. स्टिअरिंग वळवणे म्हणजे थोडासा ब्रेक लावण्यासारखेच असते, कारण तिरके झालेले पुढचे टायर रस्त्यावर घासत जातात आणि वेग खातात. त्यानंतर किलोमीटरभर सरळ रस्ता असेल तर वळणाच्या तोंडाशी गमावलेला वेग त्या संपूर्ण किलोमीटरभर कमीच राहतो. म्हणून निष्णात ओव्हल चालकाचे हात पाहिले तर ते फारसे हललेले दिसत नाहीत. हा संथपणाच त्याची कमाई असते.

मोठ्या चापाची किंमत अंतराच्या रूपाने मोजावी लागते. कोणत्याही बंद मार्गावर गाडी सगळीकडे एक मीटर बाहेरून चालवली तर एका फेरीत सुमारे ६.२८ मीटर अंतर वाढते, मग मार्ग केवढाही असो. तीन मीटर बाहेरून धावणारी गाडी दोनशे फेऱ्यांत पावणेचार किलोमीटर जास्त कापते. इंडियानापोलिसवर ही जवळपास एक पूर्ण फेरी होते. बाहेरून जायचे तर हे नुकसान भरून निघेल इतका वेग वर मिळायला हवा.

तो मिळेल की नाही हे प्रत्येक मार्गावर वेगळे ठरते, आणि ओव्हल शर्यतींची खरी गंमत येथे आहे. दक्षिण कॅरोलिनातील डार्लिंग्टनचा मार्ग १९५० चा. जमिनीच्या मूळ मालकाला आपले छोट्या माशांचे तळे जाऊ द्यायचे नव्हते, म्हणून मार्गाचे एक टोक अरुंद करावे लागले आणि अंड्याचा आकार अक्षरशः अंड्यासारखा झाला. त्या तळ्यापायी दोन टोकांची वळणे इतकी वेगळी झाली की एका टोकाला जुळवलेली गाडी दुसऱ्या टोकाला नाखूश असते. तेथील योग्य रेषा भिंतीच्या इतक्या जवळून जाते की उजव्या बाजूला भिंतीचा ओरखडा न उमटलेली गाडी विरळाच. त्या ओरखड्याला चालकांनी ‘डार्लिंग्टनचा पट्टा’ असे नावच दिले आहे. पेनसिल्व्हेनियातील पोकोनो मार्गाला तर तीनच वळणे आहेत आणि त्यांचे कल १४, ८ आणि ६ अंश असे तीन तऱ्हांचे आहेत. तेथे गाडीची जुळवणी म्हणजे कोणत्या वळणावर नुकसान सोसायचे याचा निर्णय.

फ्लोरिडातील होमस्टेडच्या मार्गाची वळणे २००३ मध्ये नव्याने बांधण्यात आली. खाली १८ अंश असलेला कल वर जाता जाता २० अंशांपर्यंत वाढत जातो. वरच्या पट्ट्यात अंतर जास्त, पण आधारही जास्त. त्यामुळे खालून, मधून आणि थेट भिंतीला लागून अशा तीन-चार रेषा तेथे एकाच वेळी चालतात. याउलट जेथे एकच रेषा चालते, तेथे तिच्याबाहेर पाऊल टाकणे धोक्याचे असते. टायरांच्या झिजेतून सुटलेले रबराचे तुकडे रेषेच्या बाहेर साठत जातात. अमेरिकी चालक त्यांना ‘गोट्या’ म्हणतात आणि त्यांवरून गेलेली गाडी खरोखरच गोट्यांवर पाय पडल्यासारखी भिंतीकडे घसरते. उन्हाने तापलेल्या डांबरावर पकड कमी होते, सायंकाळी रस्ता निवला की वाढते. संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपणाऱ्या लांब शर्यतीत दुपारच्या सरावात सापडलेली रेषा शेवटच्या टप्प्यात निरुपयोगी ठरलेली असते.

गाडी एकाच दिशेने वळणार हे ठाऊक असल्यामुळे तिची बांधणीही एकांगी करतात. उजव्या बाजूच्या मागच्या टायरचा घेर डावीकडच्यापेक्षा मोठा ठेवतात. चहाचा कागदी पेला आडवा करून ढकलला तर तो आपोआप गोल फिरतो. गाडीही त्याच न्यायाने डावीकडे वळू पाहते आणि सरळ रस्त्यावर चालकालाच तिला उजवीकडे किंचित धरून ठेवावे लागते.

हवेची मदत आणि हवेचा दगा

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला पुरून उरण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर आठपट शक्ती हवी. या हिशेबाचा लाभ दुसऱ्याच्या खर्चाने घेता येतो, हे १९६० मध्ये डेटोनाच्या सरावात ज्युनिअर जॉन्सनच्या लक्षात आले. त्याची शेव्हरोले गाडी प्रतिस्पर्ध्यांच्या पॉन्टिअक गाड्यांपेक्षा हळू होती. पण त्यांच्या अगदी मागे चिकटून राहिले की ती त्यांच्याइतकीच धावे. पुढच्या गाडीने हवा फोडलेली असते, मागे विरळ हवेचा पोकळ पट्टा राहतो आणि त्यात शिरलेल्या गाडीला रोध कमी होतो. जॉन्सनने ती शर्यत जिंकली आणि ‘ड्राफ्टिंग’ हा शब्द रूढ झाला. यात पुढच्या गाडीचाही फायदा असतो, कारण तिला मागे ओढणारा पोकळ पट्टा मागची गाडी भरून काढते. म्हणूनच एकामागे एक चिकटलेल्या दोन गाड्या सुट्या गाडीपेक्षा वेगाने जातात. कट्टर प्रतिस्पर्धी चालकांना ओव्हलवर क्षणभर भागीदारी करावी लागते ती यामुळे.

हवेचा दुसरा उपयोग खाली दाबण्याचा. विमानाचा पंख उलटा बसवला तर तो उचलण्याऐवजी दाबतो. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. इंडियानापोलिसवर १९७२ मध्ये गाडीला स्वतंत्र पंख जोडण्याची मुभा मिळाली. आदल्या वर्षी पहिल्या स्थानासाठीचा पात्रता वेग ताशी २८७.६ किलोमीटर होता. १९७२ मध्ये तो ३१५.३ किलोमीटरवर गेला. एका वर्षात जवळपास २८ किलोमीटरांची ही उडी हवेच्या दाबाची ताकद सांगायला पुरेशी आहे. तीनशे मीटरच्या चापात ताशी ३५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर गुरुत्वाकर्षणाच्या तिपटीहून अधिक आडवा भार पडतो. केवळ गाडीच्या वजनावर टायर एवढी पकड कदापि देऊ शकणार नाहीत.

मात्र हवेचा हा दाब उसनवार असतो. समोरची हवा शांत असेल तरच तो मिळतो. दुसऱ्या गाडीच्या मागे हवा घुसळलेली असते आणि तिच्यात पुढच्या पंखाची पकड सुटते. सरळ रस्त्यावर जी जागा वरदान असते तीच वळणात शाप होते. गाडीचे तोंड वळेनासे होते आणि ती भिंतीकडे सरकू लागते. या अवस्थेला अमेरिकी चालक ‘टाइट’ म्हणतात, तर मागचे टोक सुटू लागले की ‘लूज’. दोहोंतला फरक सांगणारा एक जुना विनोद त्यांच्यात रूढ आहे : गाडी तोंडाने भिंतीवर आदळली तर ती टाइट होती, पाठीने आदळली तर लूज. मागच्या चालकाला यावर एकच उपाय उरतो. उत्तम रेषा सोडायची आणि अर्धी गाडी आत किंवा बाहेर सरकून पुढचा पंख शांत हवेत आणायचा. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर भूमितीने ठरलेली रेषा गर्दीत हवा ठरवते. सरावात एकट्याने सापडलेला मार्ग शर्यतीत बहुधा दुसऱ्याच्या गाडीखाली असतो.

शेजारच्या गाडीची हवाही शस्त्रासारखी वापरता येते. नॅसकारचा चालक प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या चाकाजवळ आपल्या गाडीचे नाक आणतो आणि तेथे दाबलेली हवा त्याच्या मागच्या पट्टीवर ढकलतो. स्पर्श न होता त्या गाडीचा वेग उतरतो.

इंडियानापोलिसच्या ताज्या शर्यतींत तर आघाडी हेच ओझे झाले आहे. आघाडीवरचा चालक सर्वांसाठी हवा फोडतो आणि मागचा त्याच्या पोकळ पट्ट्यातून झेप घेतो. २०२२ मध्ये मार्कस एरिक्सनने अखेरच्या टप्प्यात सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे नागमोडी चालवून मागच्याला तो पट्टा मिळू दिला नाही आणि शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी शेवटच्या फेरीत जोसेफ न्यूगार्डनने त्यालाच मागे टाकले आणि मग आपण तीच नागमोड वापरली.

रेषा पुसली जाते तेव्हा

रेसिंग लाइनचे सारे महत्त्व वळणात वेग टिकवण्यासाठी असते. पण कल इतका आणि पकड इतकी असेल, की पाय अॅक्सिलरेटरवरून उचलावाच लागत नाही, तर? मग आतून गेले काय, बाहेरून गेले काय, वेग तोच. मागे पडण्याचे कारणच उरत नाही आणि सगळ्या गाड्यांचा एक घट्ट थवा तयार होतो. प्रेक्षकांना हे दृश्य विलक्षण थरारक वाटते. चालकांना मात्र त्यात चूक निस्तरायला जागाच नसते.

अलाबामातील टॅलाडेगाचा मार्ग १९६९ मध्ये खुला झाला. तेथे कल ३३ अंश आहे. १९८७ मध्ये बिल एलियटने तेथे पात्रता फेरीत ताशी ३४२ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. नॅसकारमध्ये हा विक्रम अजून अबाधित आहे. त्याच शर्यतीत बॉबी अॅलिसनच्या गाडीचा टायर फुटला, गाडी उलटी फिरून हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरची तारेची जाळी तिने उखडली. काही प्रेक्षक जखमी झाले. ती शर्यत पुढे अॅलिसनच्याच मुलाने, डेव्हीने, जिंकली. पुढच्या वर्षापासून टॅलाडेगा आणि डेटोना येथे इंजिनात जाणारी हवा रोखणारी भोकांची चकती सक्तीची झाली. वेग उतरला, पण त्याबरोबर गाड्यांच्या क्षमतेतील फरकही पुसला गेला. शक्ती कमी, रस्ता तोच. पाय उचलण्याची गरज आणखीच संपली. तीस-चाळीस गाड्यांचे थवे हे या दोन मार्गांचे कायमचे दृश्य झाले आणि एका गाडीच्या चुकीने पंधरा-वीस गाड्या मोडणे हे जणू वार्षिक रीतच. गाडी उलटी फिरली की छपरावर आपोआप उघडून तिला खाली दाबणाऱ्या झडपा १९९४ मध्ये आल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्टचा मृत्यू झाल्यावर त्याच वर्षी मानेला आधार देणारे साधन सक्तीचे झाले. आघात शोषणाऱ्या पोलादी भिंती २००२ पासून बसू लागल्या. हे सारे उपाय अपघात झाल्यावर जीव वाचवणारे होते. थवा का बनतो, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नव्हता.

हलक्या, उघड्या चाकांच्या गाड्यांत हाच थवा अधिक जीवघेणा ठरतो, कारण एका गाडीचे चाक दुसरीच्या चाकावर चढले की गाडी उडते. १६ ऑक्टोबर २०११ रोजी लास वेगासच्या सुमारे अडीच किलोमीटरांच्या, २० अंश कललेल्या ओव्हलवर इंडीकारच्या ३४ गाड्या उतरल्या. अकराव्या फेरीत पंधरा गाड्यांची टक्कर झाली. इंडियानापोलिसची शर्यत दोनदा जिंकलेला इंग्लंडचा डॅन व्हेल्डन त्यात मृत्युमुखी पडला. शर्यत तेथेच थांबवण्यात आली आणि उरलेल्या चालकांनी त्याच्या स्मरणार्थ संथ गतीने पाच फेऱ्या मारल्या. पुढच्या हंगामासाठी तयार होत असलेल्या नव्या गाडीच्या चाचण्या व्हेल्डननेच घेतल्या होत्या. त्या गाडीला त्याची आद्याक्षरे देऊन डीडब्ल्यू-१२ असे नाव ठेवले गेले. लास वेगासच्या त्या ओव्हलवर इंडीकार पुन्हा गेलेली नाही.

त्यानंतरचा उपाय वरवर विपरीत वाटेल असा होता. कललेल्या ओव्हलवर गाडीचा डाउनफोर्स कमी करण्यात आला. पकड कमी झाली की टायर झिजू लागतात, वळणात पाय उचलावा लागतो, चालकाचा हात हलका की जड हे दिसू लागते, आणि थवा आपोआप सुटतो. गाडी चालवायला अवघड केल्याने शर्यत अधिक सुरक्षित होते, हे प्रेक्षकांच्या गळी उतरवणे सोपे नाही; पण ओव्हलच्या इतिहासाचा दाखला त्याच बाजूने आहे.

पकडीला आणखी एक मर्यादा आहे, ती माणसाच्या शरीराची. २००१ च्या एप्रिलमध्ये टेक्सासमधील २४ अंश कललेल्या ओव्हलवर कार्ट मालिकेच्या गाड्या उतरल्या. रस्ता आणि पंख मिळून वळणात गुरुत्वाकर्षणाच्या पाचपटीहून अधिक भार पडू लागला आणि फेरीचा बहुतेक वेळ वळणातच जात होता. पंचवीसपैकी एकवीस चालकांनी चक्कर आल्याची किंवा भान हरपू लागल्याची तक्रार केली. शर्यत सुरू होण्याच्या काही तास आधी ती रोखण्यात आली आणि पुढे कधीच झाली नाही. गाड्या तंदुरुस्त होत्या, टायरही टिकत होते. तिकिटे विकली गेलेली असताना वैद्यकीय सल्ल्यावरून घेतलेला तो निर्णय या खेळातील मोजक्या शहाण्या निर्णयांपैकी मानावा लागेल.

मार्टिन्सव्हिलची भिंत

छोट्या ओव्हलवर वेग कमी असल्याने हवेचे राज्य संपते आणि ब्रेक, टायर व रेषा यांचे सुरू होते. व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल हा त्यांतला नमुनेदार मार्ग. जेमतेम साडेआठशे मीटर लांब, टाचणीसारखा चपटा, वळणांचा कल १२ अंश. इंडियानापोलिसने गुण मिळवून दिलेला कार्तिकेयन २०१० मध्ये येथेच नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला. नॅसकारमध्ये शर्यत करणारा तो पहिला भारतीय. पहिल्याच प्रयत्नात तो तेरावा आला आणि त्या हंगामाअखेर चाहत्यांनी त्याला मालिकेतील सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडले.

याच मार्गावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी रेसिंग लाइनची व्याख्याच काही सेकंद मोडीत निघाली. रॉस चॅस्टेन शेवटच्या फेरीत दहावा होता. अंतिम लढतीसाठी पात्र ठरायला त्याला दोन गुण हवे होते. शेवटच्या दोन वळणांपूर्वी त्याने वेगाचा गियर टाकला, पाय अॅक्सिलरेटरवर दाबून धरला आणि गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवून सोडून दिली. केंद्राकडे खेचणारे जे बल टायरांनी द्यायचे ते भिंतीने दिले. ब्रेक लावून खालची रेषा धरणाऱ्या पाच गाड्यांना त्याने भिंतीशी घासत जाताना मागे टाकले. त्याची फेरी १८.८४५ सेकंदांची भरली; अशा गाडीने मार्टिन्सव्हिलवर त्याहून वेगवान फेरी तोवर कधीच मारली नव्हती. ही कल्पना लहानपणी भावाबरोबर खेळलेल्या संगणकीय खेळातून सुचल्याचे त्याने नंतर सांगितले. तो अंतिम लढतीला पात्र ठरला.

इतर चालकांनी त्याचे कौतुक केले आणि त्याच दमात बंदीची मागणीही केली. कारण ही युक्ती एकाने केली तर ती करामत असते. शेवटच्या फेरीत दहाजणांनी केली तर भिंत, जाळी आणि तिच्यामागचे प्रेक्षक यांचे काय होईल हे सांगता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये नॅसकारने यासाठी नवा नियम केला नाही. सुरक्षेला बाधा आणणाऱ्या कृतींबाबतचे जुनेच कलम यापुढे अशा फेरीला लावले जाईल आणि चालकाच्या वेळेत दंडाची भर टाकली जाईल, एवढेच जाहीर केले.